न भोगलेला तुरुंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मला ओळखणारे इथंच हसतील. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात असा एक माणूस दाखवा, ज्याला मी काही सांगायचं ठेवलंय. कौन्सिलनं मला भाजीपाला लावायला जमिनीचा एक तुकडा भाड्यानं दिलाय. तिथला दुधी एका उन्हाळ्यात इतका लांबला, की शेजारच्या तुकड्यावरच्या म्हाताऱ्यानं त्याच्यावर कपडे वाळत घातले – हे मी सांगितलंय. इथल्या पहिल्या हिवाळ्यात बसस्टॉपवर शिंकलो आणि माझी अर्धी मिशी तुटून खाली पडली – हेही सांगितलंय, तीनदा. तिसऱ्या वेळी दोन्ही बाजू पडल्या होत्या. लोक हसतात, मी हसतो. यात कुणाचं काय गेलं?

पण एक गोष्ट मी सांगितली आणि ती कुणी हसण्यावारी नेली नाही. तीच ही.

तसा मी सुखी माणूस आहे. आधीच सांगतो, म्हणजे पुढं कीव करत बसू नका. गुडघे दोन्ही स्वतःचे आहेत. मशीन टूलच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, आता भाजी लावतो. सुनंदा अजून माझं बोलणं ऐकते, निदान पहिलं वाक्य तरी. मुलगी रेवा कार्डिफला हॉस्पिटलात फिजिओ आहे, दर रविवारी फोन करते. एवढं असलं की माणसानं गप्प बसावं. मी का बसत नाही?

गोष्ट अशी, की आणीबाणीत मी तुरुंगात होतो.

ही मी पहिल्यांदा सांगितली ती सुनंदाला बघायला गेलो तेव्हा. समोर पोह्यांची बशी. तिचे वडील शाळामास्तर, खादीचा सदरा, ताठ मान. त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, पत्रिका मागितली नाही. म्हणाले, "आणीबाणीत कुठं होतात?" मी म्हणालो, "आत होतो." दोनच शब्द – तोंडात पोहे होते म्हणून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आतल्या दाराकडं बघून म्हणाले, "चहा पाठवा." लग्न ठरलं. मला मुलगी पसंत आहे का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. होती, म्हणून निभावलं.

तेव्हा मी तीन महिने आत होतो. इथं आल्यावर ते अकरा झाले. परदेशात माणसाचं सगळंच थोडं वाढतं, पोट काय आणि भूतकाळ काय. मंडळात दर वर्षी कुणी ना कुणी म्हणायचं, "काका, ते तुरुंगाचं सांगा ना." मी सांगायचो. बराकीत चाळीस माणसं, एक खिडकी. मी म्हटलं, असं कसं चालेल, आपण निवडणूक घेऊ. मिठाचा सभापती, पाण्याचा सभापती, खिडकीचा सभापती – दर रविवारी मतदान. नगराध्यक्ष अर्थातच मी. आणि वॉर्डर? तोही माणूसच. तिसऱ्या दिवशी त्याला एक फक्कड विनोद ऐकवायचा. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या. मग बघा, गुळाचा खडा चालत येतो.

आणीबाणी एकवीस महिने होती. एका गणेशोत्सवात माझी कैद तेवीस महिन्यांवर गेली. मंडळातला एक नेमका माणूस बोटं मोजून म्हणाला, "काका, दोन महिने जास्त होतायत." मी म्हणालो, "मला सोडायचं विसरले होते." हॉल हसला – आणि लगेच गप्प झाला. विसरले होते, म्हणजे किती वाईट. एक बाई डोळे पुसत होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि पाणी प्यायलो.

तर असं चाललं होतं. मग कात्या आली.

रेवाचा फोन आला. तिचं मराठी इथं जन्मलेल्या मुलांचं असतं तसं आहे. "बाबा, एक रशियन मुलगी आहे, युनिव्हर्सिटीत एक वर्षासाठी आलाय. तो पॉलिटिशियन आहे, तिथून पळून आला. तुझा वरचा खोली रिकामा आहे ना?" मी म्हटलं, पाठव. सुनंदा म्हणाली, "कात्या? आपल्याकडं पक्या, बाळ्या म्हणतात तसं वाटतं हो." आणि दारात उभी राहिली ती सत्तावीस वर्षांची, लहानखुरी, नाक लाल, एक सुटकेस आणि काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन. ती बरणी तिनं तीन देश ओलांडून आणली होती. मी पाच सांगतो, पण तीनच.

ती नगरसेविका होती. नदीकाठचं एक कारखान्याचं गाव, पाचमजली इमारती, लिफ्ट बंद. चोविसाव्या वर्षी ती निवडणुकीला उभी राहिली. पोस्टर लावलं की दुसऱ्या दिवशी फाटलेलं असायचं, म्हणून तिनं पोस्टर लावणंच सोडलं. जिने चढली. प्रत्येक दार वाजवायचं आणि एकच विचारायचं – तुमच्या जिन्यात काय बिघडलंय? म्हाताऱ्या आधी दार उघडायच्या नाहीत, मग उघडायच्या, मग मुरंब्याच्या बरण्या द्यायच्या. ती वहीत लिहून घ्यायची: तिसरा मजला, दिवा नाही. पाचवा मजला, पाइप गळतो. निवडून आली तेव्हा कुणालाच खरं वाटलं नाही, तिला तर अजिबातच नाही.

सभागृहात ती एकटी, बाकी सगळे सत्तेतल्या साहेबांचे. ती बोलायला उठली की माइक बंद. मग ती शाळेतल्या खेळाच्या मास्तरांचा कर्णा घेऊन यायला लागली. कर्ण्यातून गटाराबद्दल बोलायची. गटार दुरुस्त झालं, कर्णा जप्त झाला. आणि मग युद्ध सुरू झालं. एका सभेत, रस्त्यांच्या ठरावावर बोलायची पाळी आली तेव्हा, ती उभी राहिली आणि म्हणाली, आपल्या गावातली मुलं मरतायत आणि सीमेपलीकडची लोकं आपण मारतोय, एक मिनिट उभे राहू या. कुणी उभं राहिलं नाही. ती एकटी मिनिटभर उभी राहिली, घड्याळ बघून. त्या एका मिनिटासाठी तिच्यावर खटला भरला गेला.

आमच्याकडं राहायला आल्यावरही ती नगरसेविकाच होती. दर मंगळवारी दुपारी वरच्या खोलीत बसून फोनवर वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायची. आम्हाला भाषा कळत नव्हती, पण गळक्या पाइपाबद्दल बोलणाऱ्या माणसाचा आवाज सगळ्या भाषांत सारखाच. आमच्या गल्लीतला एक दिवा वर्षभर बंद होता. आम्ही सगळे टॉर्च घेऊन फिरायचो आणि कौन्सिलला नावं ठेवायचो. कात्या घरोघरी गेली, सह्या घेतल्या, कौन्सिलला पाठवल्या. पंधरा दिवसांत दिवा लागला. शेजारची पंजाबी आजी मला म्हणाली, "तुम्ही चाळीस वर्षं इथं काय करत होतात?" काय करत होतो? गोष्टी सांगत होतो.

आणि तिला मी ती सांगितली. न सांगून कसं चालेल? घरात खरीखुरी लढणारी मुलगी, आणि मी तुरुंगातला जुना माणूस. सुनंदानंच काढलं – "अगं, आमच्या ह्यांनी पण जेल भोगलंय." अभिमानानं म्हणाली. बिचारीला काय माहीत? तिच्या वडिलांनी तिला तेवढ्यावरच दिली होती. कात्यानं हातातला चमचा खाली ठेवला. मंडळातली लोकं ऐकतात ती गोष्ट म्हणून, डोळे पुसले तरी गोष्ट म्हणूनच. ही तशी ऐकत नव्हती. ती माहिती घेत होती. खिडकी किती उंचावर? पहिल्या दिवशी बोलायचं की गप्प राहायचं? आजारी पडलं तर? मला प्रश्नाला प्रश्न भिडला की चेव येतो. मी उत्तरं दिली. सगळ्या प्रश्नांची. त्या दिवसापासून ती मला काका म्हणायला लागली.

मग एक दिवस तिच्या गावाहून बातमी आली. तिथल्या एक निवृत्त शिक्षिका कात्याच्या मागं तिचं काम बघायच्या – जिन्यात सूचना लावायच्या, म्हाताऱ्यांना फोन जोडून द्यायच्या. त्यांना धरून नेलं. पंधरा दिवस ठेवून सोडलं, आणि बजावून सोडलं की पुढच्या वेळी पंधरा दिवस नसतील. कात्या दोन दिवस खाली आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आली. मी मेथी निवडत होतो. समोर बसली, तीही निवडायला लागली. मग म्हणाली, "काका, त्या माझ्या जागी बसल्या होत्या."

मी पुढची जुडी ओढली. विश्वास ठेवा, मी – फक्त मेथी निवडत राहिलो.

ती म्हणाली, "मी परत गेले तर पुढच्या वेळी त्यांच्याऐवजी मला धरतील. पण मी शूर नाही. मला फक्त एवढं कळायला हवंय की ते सहन होतं का. तुम्ही खोटं नाही सांगणार."

सुनंदा दुकानात गेली होती. घरात आम्ही दोघंच. बाहेर ऊन होतं, मला आठवतं, कारण आमच्याकडं ते आठवण्यासारखंच असतं. माझ्या हातात मेथीची काडी होती. त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. पूर्ण नाही, अर्धं तरी. मला माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

खरं काय होतं? सांगतो. इतकी वळणं घेतली, आता सांगतो.

पुण्यात मी आणि दिनू एका खोलीत राहायचो, कॉलेजची दोन पोरं. आणीबाणीत कुणीतरी आमच्याकडं चक्रमुद्रित पत्रकं दिली, वाटायला. दोन गठ्ठे – एक त्याचा, एक माझा. तेव्हाही मीच जास्त बोलत होतो. मी म्हणालो होतो, अख्खं पुणं पेटवू. दुसऱ्या दिवशी सकाळी दिनू गठ्ठा पिशवीत घालून गेला. मी परसात गेलो. घरमालकिणीचा बंब पेटलेला होता. मी माझा गठ्ठा त्या बंबात घातला, थोडा थोडा करून, म्हणजे धूर होऊ नये. मालकीणबाई म्हणाल्या, "आज पाणी चांगलं कडकडीत तापलंय हो." मी त्या पाण्यानं आंघोळ केली. मग एसटीनं सांगलीला मावशीकडं गेलो. दिनूला दोन दिवसांनी पकडलं. गठ्ठे दोन होते, हे पोलिसांना ठाऊक होतं. त्यानं माझं नाव सांगितलं नाही. मला कसं कळलं? मला न्यायला कुणी आलं नाही, त्यावरून.

तो चौदा महिने आत होता. मी सांगलीला होतो. मावशीनं पुरणपोळ्या केल्या.

दिनूनं बाहेर आल्यावर तुरुंगाबद्दल एक अक्षर कधी काढलं नाही. एक अक्षर नाही. मी मात्र तेवीस महिने पुरेल एवढं बोललो. त्याच्याबद्दल मला एवढंच दिसलं, की तो कुठल्याही खोलीत बसला की दार लावू देत नसे. पुण्याला गेलो होतो तेव्हा आम्ही त्याच्या घरी गेलो, मी आणि सुनंदा. दार सताड उघडं, जिन्यातून लोकं येत-जात होती. सुनंदा सहज म्हणाली, "तुम्ही दोघं आत बरोबरच होतात ना?" दिनूनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाला, "होता की. बाजूच्या बराकीत." आणि तिच्यापुढं चिवड्याची बशी सरकवली. म्हणजे त्यानं मला दोनदा वाचवलं, आणि दुसऱ्या वेळी तर मी समोर बसलो होतो. आता तो नाही. मी त्याला कधी काही बोललो नाही. काय बोलणार होतो?

तर स्वयंपाकघरात कात्यानं विचारलं, सहन होतं का. मला तुरुंगाबद्दल खरं एवढंच ठाऊक होतं – तिथून आलेला माणूस दार लावू देत नाही. तेच तिला सांगायचं होतं. ते माझं नव्हतं, दिनूचं होतं, पण खरं होतं.

मी म्हणालो, "होतं गं. माणूस कशालाही सरावतो. पहिले तीन दिवस काढ, मग काही नाही." आणि परत एकदा, सविस्तर, निवडणूक, खिडकीचा सभापती, तिसऱ्या दिवसाचा विनोद.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मेथी निवडून झाली. तीन आठवड्यांनी ती गेली.

ती तशीही गेली असती, असं मी स्वतःला सांगत आलो. सुनंदाला सांगत आलो, रेवाला सांगत आलो – त्या मुलीला कोण अडवणार होतं. पण ती मला विचारून गेली. जिचा पाय दाराबाहेर पडलेला असतो, ती मेथी निवडत बसत नाही.

तिला विमानतळावरच धरलं. शिक्षिकाबाईंना पुढं कुणी हात लावला नाही, तेवढं तिनं म्हटल्यासारखं झालं. तिला दोन वर्षांची शिक्षा. सुरुवातीला पत्रं यायची, सेन्सॉरचा शिक्का मारलेली, रेवाची एक ओळखीची मुलगी ती इंग्रजीत करून द्यायची. कात्या लिहायची, काकांना सांगा, मी ठीक आहे. मध्ये तीन महिने पत्र आलं नाही. त्या तीन महिन्यांत मंडळात मी तुरुंगाची गोष्ट सांगितली नाही. लोकांना वाटलं, काका म्हातारे झाले.

शिक्षा संपली, तिला सोडलं, आणि ती तिथून निघून दोन देश फिरत परत इथं आली. आता कार्डिफला राहते, रेवाच्या घराजवळच. केस कापलेत, जाड झालीय, पोटभर हसते. वेल्सचा पाऊस तिला आवडतो म्हणते, म्हणजे बघा काय काय सोसलं असेल. आली तेव्हा पहिल्यांदा रेवाबरोबर आमच्याकडं जेवायला आली. सुनंदानं तिच्यासाठी इतकं केलं होतं, की टेबलाचे पाय वाकले. खरंच एक पाय वाकला, पण तो आधीच मोडका होता.

जेवताना तिनं सांगितलं. चौकशीच्या काळात एका कोठडीत सहा बायका होत्या. खिडकीची काच फुटलेली, तिथं थंडी म्हणजे थंडी. कात्यानं निवडणूक घेतली. खिडकीची सभापती, अर्ज लिहिणारी सभापती, चहाच्या पानांची सभापती. अर्जावर अर्ज केले, अकराव्या अर्जाला काच बसली. "तुमची नगरपालिका चालली, काका," ती म्हणाली. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्याकडं अशा नजरेनं बघत होती, जशी मी लग्नाच्या आधीही कधी पाहिली नव्हती.

मग कात्यानं डावा हात टेबलावर ठेवला. शेवटची दोन बोटं मिटत नव्हती. ती हसत होती. म्हणाली, "पण तिसऱ्या दिवसाचं काही जमलं नाही. शिक्षा झाल्यावर कैद्यांच्या वसाहतीत नेलं, तिथं तिसऱ्या दिवशी मी तिथल्या बाईला विनोद सांगितला. तुम्ही सांगितला होता तोच, मामलेदाराचा. तिनं रिपोर्ट केला – कर्मचाऱ्याचा अपमान. पंधरा दिवस शिक्षेची कोठडी. तिथं पाइप गोठलेले, आणि ही बोटंही. तुमचे वॉर्डर चांगले होते, काका."

सगळे हसले. रेवा म्हणाली, "बाबा, तुझा जोक किती वाईट होता."

आणि मी – म्हणजे मला इथपर्यंतच यायचं होतं. बंबाची गोष्ट जुनी आहे, एकविसाव्या वर्षी माणूस भितो. पोह्यांची गोष्टही एक वेळ सोडून द्या. पण आता मी सत्तरी ओलांडली होती. समोर ती बोटं होती. मला काही धोका नव्हता, कुणी पोलीस येणार नव्हता, माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, माझ्या ताटात श्रीखंड होतं. मी काय म्हणालो?

मी म्हणालो, "हो, आमच्याकडचे जरा मऊ होते."

आणि श्रीखंड खाल्लं.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. चांगलं गेलं, हे लपवत नाही. कात्या महिन्यातल्या एका शनिवारी आमच्याकडं येते. मंडळातले सात-आठ जण जमतात आणि आम्ही तिकडच्या तुरुंगातल्या लोकांना पत्रं लिहितो. राजकारणाचा शब्द नाही, नाहीतर सेन्सॉर अडवतो. हवा, मांजर, भाजी. कात्या ती रशियन भाषेत करते. माझ्या दुधीनं तिथं नाव कमावलंय. एका कैद्यानं विचारलं, आता किती लांब झाला? मी मोजून कळवलं, थोडं वाढवून. त्या शनिवारी घर भरलेलं असतं, सुनंदा ओरडत असते, "अहो, उठा, ताटल्या आणा", कात्या तिला "मावशी, मी आणते" म्हणते, आणि मला वाटतं, याहून जास्त माणसाला काय हवं?

पण माझ्या प्रत्येक पत्राच्या वर कात्या स्वतः एक ओळ घालते: हे गृहस्थ स्वतः तुरुंगात राहून आलेले आहेत.

गेल्या वेळी एका तरुण मास्तराचं उत्तर आलं. नुकताच आत गेलाय, पाच वर्षांसाठी. कात्यानं मला वाचून दाखवलं. दुधीबद्दल आभार मानले होते आणि विचारलं होतं, तुम्ही पहिला महिना कसा काढलात, मी तसंच करून बघेन. कात्या म्हणाली, "नीट विचार करून लिहा, काका. आपल्या पुढच्या महिन्याच्या शनिवारी पाठवू." आणि कागद घडी करून, त्या दोन बोटांच्या मध्ये धरून, माझ्या हातात दिला.

त्या मास्तरासाठी माझ्याकडं एक विनोद तयार होता. खोटं नाही सांगत – कागद हातात पडायच्या आत तयार होता.

म्हणून हे लिहिलं. मी कधी तुरुंगात नव्हतो. एक दिवसही नाही, एक तासही नाही. तुरुंगाची बाहेरची भिंतसुद्धा मी बसमधून पाहिलीय. दिनू होता. जे मी माझं म्हणून सांगितलं, त्यातलं त्याचंही काही नाही, कारण त्यानं काही सांगितलंच नाही. सगळं माझ्या डोक्यातलं. ती काच त्या सहा बायकांनी बसवली, त्यात माझं काही नाही. बोटं मात्र माझी.

माझं लिहिलेलं सुनंदा आधी वाचते, ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करायला. ती आज दुपारी मंदिरातून आली की हे कागद तिच्यापुढं ठेवणार आहे. वडिलांनी तिला कशावर दिली, हे तिला पंचेचाळीस वर्षांनी कळेल. हे छापायचं की नाही, ते त्यानंतर बघू. कात्याला मराठी येत नाही, आणि हे मी मराठीत लिहिलंय, हे माझ्या लक्षात आहे. म्हणून तिला तोंडानं सांगणार आहे, इंग्रजीत. खोटंही मी तिला इंग्रजीतच सांगितलं होतं.

शनिवारी साडेदहाच्या गाडीनं ती येईल. मी स्टेशनवर घ्यायला जातो, नेहमीच. तिथून घर गाडीनं बारा मिनिटांवर आहे. ती पट्टा लावेल, मी गाडी चालू करीन आणि पहिल्या सिग्नलच्या आत सांगून टाकीन. खरी गोष्ट दोन मिनिटांची आहे, मी घड्याळ लावून बोलून पाहिली.

उरलेली दहा मिनिटं तिची.